कुलूप बदलायचं नाही

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

काल जिन्यात तू विचारलंस, "काका, तो गावाला गेला की कुलूप बदलून टाकू का?" मी नुसतं "नको" म्हणून वर निघून गेलो. रात्रभर ते मनातून गेलं नाही, म्हणून लिहितोय.

बाबांची कोथरूडची जागा, कराराची मुदत संपून दीड महिना झालाय, दोन महिन्यांचं भाडं थकलंय, आणि तो भाडेकरू फोनवर गोड बोलून वेळ काढतोय. राग येणारच. पण कुलूप बदललंस की दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत तक्रारदार तो असेल आणि खुलासे तू करत बसशील.

२००६ साली मी एका भाडेकरूचं पाणी तोडलं होतं. ओळखीतून आलेला माणूस, म्हणून करार तोंडीच. त्याने भाडं थांबवलं, वर म्हणू लागला की ठरलेलं भाडं मुळात कमीच होतं. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं मालकावर येतं, हे मला वकिलाने तेव्हा सांगितलं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यातलं कलम ५५. पाणी-वीज तोडण्याविरुद्धही त्यात कलम आहे, तेही तेव्हाच कळलं. मी गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. त्यांच्या घरात चार महिन्यांचं बाळ होतं, आणि मला ते माहीत होतं. भाडं बुडलं त्याचं आता काही वाटत नाही. बाळाचं वाटतं. हातात कागद असता तर माझा हात व्हॉल्व्हकडे गेला नसता.

म्हणून सांगतो, लिहून ठेव. तुझ्या बाबांनी करार रीतसर नोंदवला होता, त्याची किंमत ओळख. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला" म्हणणारे तुला शंभर भेटतील. महाराष्ट्रात अकरा महिन्यांच्या कराराचीही नोंदणी सक्तीची आहे, आणि ती करण्याची जबाबदारी मालकाची. राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळ जागा वापरू देण्याच्या कराराची, मुदत संपली की त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशी प्रकरणं ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. तिथे नोंदणीकृत करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानतात. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. जागा न सोडणाऱ्याला बचाव मांडायलाही आधी परवानगी घ्यावी लागते, समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत. एवढं सगळं बाजूने असताना तू कुलूपवाल्याला शोधत फिरतेस?

फोनवर भांडू नकोस. बोलणं झालंच तर पाच मिनिटांत मेसेज कर: "आत्ता बोलल्याप्रमाणे तुम्ही अमुक तारखेला जागा सोडणार आहात." तारीख घाल, रक्कम घाल. मिळालेल्या प्रत्येक पैशाची पावती दे, रागात असलीस तरी. आणि तुझी चूक असेल तर तीही लिही. त्या जागेच्या बाथरूममधला ओलावा त्याने फेब्रुवारीत कळवला होता ना? तू उत्तर दिलं नाहीस. ती दुरुस्ती तुझ्याकडे आहे, भाडं थकलं म्हणून ती टळत नाही.

घरात मला म्हणतात, तुमचा माणसांवर विश्वास उरला नाही. हे मला लागतं, कारण ते खरं नाही. त्या पाण्याच्या प्रकरणानंतर माझ्याकडे सहा भाडेकरू राहून गेले, एकाशीही आवाज चढवून बोलावं लागलं नाही. चावी देतानाच भिंतींचे फोटो, मीटरचं रीडिंग, पंखे-गिझरची यादी, दोघांच्या सह्या. डिपॉझिटमधून काय कापलं ते बिलासकट. लिहिलेलं होतं म्हणून शेवटच्या दिवशी बसून चहा घेता आला. याला अविश्वास म्हणायचं असेल तर म्हणोत. मी बदलणार नाही, आणि तूही बदलू नकोस.

उद्या सकाळी दहानंतर ये. करार, बँकेचं स्टेटमेंट आणि त्याचे फेब्रुवारीचे मेसेज घेऊन. नोटिशीचा कच्चा मसुदा तू कर, मी बघून देतो, मग वकिलांकडे जाऊ. आणि येण्याआधी प्लंबरला फोन कर.

तुझा,
वरच्या मजल्यावरचा काका