रंग मारायच्या आधी

वाडी, नागपूर

प्रिय बेटा,

तू पाठवलेले फोटो काल रात्री मोठे करून करून पाहिले. ठेकेदाराने लिलावात घेतलेलं ट्रॅक्टरचं विंच, म्हणजे ड्रमवर तारेचा दोर गुंडाळून लठ्ठे ओढणारं यंत्र, तुझ्या शेडमध्ये आलं आहे, पाऊस उघडून कूप, म्हणजे जंगलातली तोडणी, सुरू व्हायच्या आत त्याला ते हवं आहे, आणि तू विचारतोस की गियरबॉक्सचं बेअरिंग आणि ऑइल सील बदलून, फ्रेमचे तडे वेल्डिंगने भरून, रंग मारून दिलं तर चालेल का. नाही चालणार. का ते सविस्तर लिहितो, कारण फोनवर तू "हो काका" म्हणतोस आणि विषय संपतो.

माझे वडील गाडीवान होते. आलापल्लीच्या बाजूला कूपातून सागवानाचे लठ्ठे बैलांनी ओढून रस्त्यापर्यंत आणायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला ते बैलाच्या खांद्यावर हळद-तूप चोळत, तेव्हा बोटांनी आधी खांदा चाचपत. कुठे सूज आहे, जू कुठे घासतंय, कोणता बैल दुसऱ्याच्या वाट्याचं ओढतोय, हे त्यांना तिथेच कळायचं. ओझं जास्त झालं की बैल बसतो. कितीही मारा, उठत नाही. कमलापूरचे हत्तीही एकेकाळी हेच लाकूड ओढायचे, तेही ताकदीबाहेर गेलं की थांबत. विंचला असं थांबता येत नाही. म्हणून बनवणाऱ्याने त्याच्यात दोन-तीन जागा मुद्दाम नाजूक ठेवलेल्या असतात. ट्रॅक्टरची ताकद विंचला देणाऱ्या पीटीओ शाफ्टवरचा शिअर बोल्ट, जो ओझं जास्त झालं की आधी तुटतो; दाब वाढला की तेल सोडून देणारा हायड्रॉलिकचा रिलीफ व्हॉल्व्ह; क्लचची ठरवून दिलेली पकड. यंत्राचं बसणं म्हणजे हेच.

जुनं यंत्र तुझ्याकडे येतं तेव्हा नेमक्या याच जागा कुणीतरी 'मजबूत' केलेल्या असतात. बोल्ट रोज तुटतो, काम थांबतं, मग कुणी तिथे हाय टेन्साइल बोल्ट ठोकतं. ओढ कमी वाटली की रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे वॉशर घालतं. तुटलेलं तुला दिसेलच, ते शोधायला माझी गरज नाही. तुटायला हवं होतं आणि तुटलं नाही, ते तू आधी शोध.

हे मी स्वतः करून बसलो आहे. तुझ्याच वयाचा होतो. एका गिऱ्हाइकाने सांगितलं, बोल्ट असा बसव की पुन्हा तुटायलाच नको. मी बसवला, आणि मला अभिमानही वाटला. पंधरा दिवसांनी लठ्ठा दोन दगडांमध्ये अडकला, विंच ओढत राहिलं, पीटीओ शाफ्टची नळी पिळलेल्या कपड्यासारखी झाली आणि शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसचा तुकडा ट्रॅक्टरच्या मडगार्डमधून आरपार गेला. ड्रायव्हर त्या क्षणी पाणी प्यायला खाली उतरला होता. ते मडगार्ड मी विकत घेतलं. माझ्या शेडच्या मागच्या भिंतीला टांगलेलं आहे, तू पाहिलंही आहेस, पण कशाचं आहे ते कधी विचारलं नाहीस.

आता तुझ्या विंचकडे येतो. तिसऱ्या फोटोत ड्रमवर दोराचं टोक जिथे अडकवलंय, तिथे मला वेल्डिंगचा थेंब दिसतोय. बोट फिरवून खात्री कर. वेल्डिंगची आच लागली की तारेची ताकद तिथेच जाते, ती काच झाल्यासारखी तुटते. मुळात ते टोक ओझं धरण्यासाठी नसतंच. ओझं धरतात ते ड्रमवर उरलेले वेढे. दोर कितीही सोडला तरी निदान ३ वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत. ज्याने वेल्डिंग केलं त्याचा दोर शेवटपर्यंत जात होता, म्हणजे त्याच्याकडे दोर कमी होता, म्हणजे तो लांबून ओढत होता. एका थेंबात एवढं लिहिलेलं असतं.

दोर तपासताना घाई करू नकोस. सगळा दोर अंगणात लांब पसर. हातात चामड्याचे मोजे घाल, सुती चिंधी सैल धर आणि टोकापासून टोकापर्यंत चालत जा. जिथे चिंधीचा धागा अडकेल तिथे तार तुटली आहे, तिथे खडूने खूण कर. खुणा जवळजवळ आल्या की दोर गेला. मग जाडी मोजायला व्हर्नियर लाव, पण पेडांच्या उंचवट्यावर, खळग्यात नाही. १२ मिलिमीटरचा दोर एखाद्याच ठिकाणी ११ भरत असेल तर आतला गाभा खचला आहे. तागाचा गाभा असेल तर दोर किंचित उलगडून पाहा. आतून तांबूस भुकटी पडली तर बाहेरून कितीही ग्रीस चोपडलेलं असो, तो दोर भंगारात घाल. विंचच्या ड्रमवर वरचे थर खालच्यांना दाबतात, म्हणून नवा घेताना पोलादी गाभ्याचाच घे. १७७० या ताकदीच्या दर्जाच्या तारेचा असा नवा १२ मिलिमीटरचा दोर साधारण ९ टनांना तुटतो. तुझं विंच ५ टनांचं आहे. मधलं अंतर झटक्यांसाठी आहे, ठेकेदाराच्या हावेसाठी नाही, हे त्याला माझ्या नावाने सांग.

हुकाच्या टोकाला दोराच्या फासात थिंबल, म्हणजे फासाला आतून आधार देणारी लोखंडी खोबण, घालून यू-क्लिप लावशील, तेव्हा क्लिपचा वाकडा यू दुमडलेल्या छोट्या शेपटावर आणि तिचा खोबणीचा पाया ओझं वाहणाऱ्या दोरावर आला पाहिजे. उलटं लावलं तर यू चांगल्या दोरालाच चावतो. मी चार लावतो, दोराच्या जाडीच्या साधारण सहापट अंतराने, आणि पहिलं ओझं ओढून झालं की पुन्हा आवळतो, कारण ताण बसल्यावर दोर बारीक होतो.

तू लिहिलंस की गियरबॉक्सचं बेअरिंग दोनदा बदललेलं दिसतंय. मग तिसऱ्यांदा बदलण्याआधी पीटीओ शाफ्ट काढून जमिनीवर ठेव आणि मधल्या नळीच्या दोन्ही टोकांचे काटे (क्रॉस धरणारे दुफाटे) एका रेषेत आहेत का पाहा. सरकणारी नळी कुणीतरी चुकीच्या दाताने परत घातली की मिनिटाला ५४० फेऱ्यांवर शाफ्ट थरथरतो आणि मार बेअरिंग खातं. गेल्या वर्षी लकडगंजच्या एका आरा मशीनवाल्याचं जुनं यंत्र माझ्याकडे आलं, त्याचाही आजार हाच निघाला. नवीन बेअरिंगचा खर्च त्याने चार वेळा केला होता, काटे फिरवायला मला दहा मिनिटं लागली. शाफ्टवर प्लास्टिकचं कव्हर नसेल तर नवं बसव. त्यावर वाद घालू नकोस.

ब्रेकच्या पट्ट्याचं लायनिंग हाताला तेलकट लागत असेल तर पेट्रोलने धुऊन परत लावू नकोस, तेल आत मुरलेलं असतं. आधी सील बदल, मग लायनिंग. उतारावर लठ्ठा धरून ठेवायचं काम त्या पट्ट्याचं आहे. हायड्रॉलिक उघडण्याआधी सगळं खाली टेकव, दाब सोड. गळती हाताने शोधू नकोस, पुठ्ठा फिरव. सुईएवढ्या भोकातून निघालेलं तेल कातडीत घुसतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, आणि उशीर झाला तर बोट कापावं लागतं.

फ्रेमचे तडे मात्र मला खरंच खटकले. दोन्ही तडे वरच्या कप्पीच्या खाली आहेत. फ्रेमची खालची पाटी जमिनीत रोवून ओढलं असतं तर ताण पाटीतून जमिनीत गेला असता. माझा अंदाज, कुणीतरी पाटी हवेत ठेवून ओढत होतं. असं ओढलं की ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचलतं आणि तो मागे उलटायला क्षण पुरतो. तडे भरताना टोकाला भोक पाडून, तडा पूर्ण घासून काढून, सुकवलेल्या ७०१८ वेल्डिंग रॉडने भर. नागपूरच्या पावसाळ्यात उघड्या पुड्यातले रॉड वापरशील तर तडा परत येईल. साखळीच्या कड्या मात्र कधीही वेल्ड करू नकोस. एक कडी गेली तर साखळी गेली. आणि ड्रायव्हरच्या पाठीमागची जाळी फोटोत कुठेच नाही. ती विकली गेली असणार. नवी बनव, बिलात लाव. ठेकेदार नाही म्हणाला तर विंच देऊ नकोस. पैशाचं मी पाहतो.

एक हिशोब त्याच्या ड्रायव्हरलाही समजावून दे. ड्रम २० सेंटिमीटरचा असेल तर पहिल्या थरावर ५ टन ओढणारं विंच पाचव्या थरावर साडेतीनच्या आतच ओढतं, आणि ब्रेकची पकडही त्याच मापाने कमी होते. त्यांना वाटतं विंच थकलं, आणि मग वॉशर घालायची बुद्धी सुचते. विंच थकलेलं नसतं, दोर जास्त गुंडाळून ड्रम जाड झालेला असतो. तसंच झाडाला कप्पी बांधून दोर सरळ परत फिरवला, तर दोरात ३ टन असताना कप्पी झाडाला बांधणाऱ्या पट्ट्यावर ६ टन येतात. काटकोनात वळवला तरी सव्वाचारच्या आसपास. दोर नवा आणि पट्टा जुना, असं मी फार वेळा पाहिलं आहे.

२०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारशाहच्या डेपोतून सागवान गेलं, तेव्हा मिरवणूक निघाली, लोकांनी त्या लाकडाला हात लावून नमस्कार केला. मला तेव्हा राहून राहून वाटत होतं, डेपोत पोहोचायच्या आधी हे लठ्ठे कुणीतरी दोराने बांधले असतील, आणि तो माणूस दोराच्या किती जवळ उभा असेल. आपण ज्याच्यासाठी काम करतो तो तोच. तो आपल्या शेडमध्ये कधी येत नाही, बिल त्याच्या नावावर निघत नाही.

रविवारी सकाळी मी येतो. तोवर वेल्डिंग मशीन लावू नकोस आणि जुना शिअर बोल्ट फेकू नकोस, त्याच्या डोक्यावरचे, ताकदीचा दर्जा सांगणारे आकडे मला पाहायचे आहेत. दोर पसरून ठेव. खडू आणि चिंधी तू आण, व्हर्नियर माझा घेऊन येतो.

तुझा
काका