वडिलांच्या नावे संगणक कक्ष, की सहा वर्षांचे पगार?

प्रश्न: मी ६३ वर्षांचा, निवृत्त. पेन्शन महिना ४५ हजार, ५५ लाखांच्या ठेवी, घर स्वतःचं, दोघांचा मिळून ५ लाखांचा आरोग्य विमा. गेल्या वर्षी प्लॉट विकला. कर भरून ३० लाख उरले. मुलाला त्यातलं काही नको आहे. माझे वडील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते. त्यांच्या नावे गावच्या शाळेत संगणक कक्ष बांधावा असं मला वाटतं. पत्नीचं म्हणणं, तालुक्यात मुलांच्या वाचन-गणितावर काम करणाऱ्या संस्थेला पैसे द्यावेत. काय करावं?

उत्तर: मी तुमच्या पत्नीच्या बाजूनं आहे, आणि तेही ठामपणे.

देणगीतून बांधलेले संगणक कक्ष मी पाहिले आहेत. उद्घाटनाचा फोटो भिंतीवर, यंत्रांवर प्लास्टिकची आवरणं, इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली आणि दाराला कुलूप. यात शाळेचा दोष नसतो. वीजबिल, दुरुस्ती आणि शिकवणारा माणूस यांची तरतूद कुणी केलेलीच नसते. देणगीदार बांधकामाला पैसे देतो, पगाराला देत नाही. मुलांच्या आयुष्यात फरक पडतो तो मात्र रोज येणाऱ्या माणसामुळे.

गडचिरोलीचं उदाहरण बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बायकांना प्रशिक्षण दिलं. त्या बाळाचं वजन करत, श्वास मोजत, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन देत. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि २०११ मध्ये केंद्र सरकारनं घरोघरी नवजात काळजीचं काम देशभरातल्या आशा कार्यकर्तींकडे सोपवलं. अशा कामात पैसा जातो तो प्रशिक्षणावर, देखरेखीवर आणि काटेकोर नोंदींवर. यातल्या कशावरही देणगीदाराच्या नावाची पाटी लागत नाही. पण या नोंदी नसत्या, तर सरकारला दाखवायला हातात काय असतं?

आता तुमचे आकडे. ३० लाखांतले ६ लाख आधी बाजूला काढा. या वयात ५ लाखांचा विमा एका मोठ्या आजारपणात संपू शकतो. देणगी देऊन मुलापुढे हात पसरायची वेळ यायला नको.

राहिले २४ लाख. ते कायम ठेव म्हणून संस्थेला द्यावेत आणि फक्त व्याज वापरलं जावं, असं अनेकांना वाटतं. साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला १ लाख ५६ हजार, म्हणजे महिन्याला १३ हजार. एवढ्यात एका पूर्णवेळ कार्यकर्त्याचाही नीट पगार होत नाही. त्याऐवजी दरवर्षी ४ लाख, अशी सहा वर्षं द्या. महिन्याला ३३ हजार होतात. दोन स्थानिक कार्यकर्ते उभे राहतात. पहिला हप्ता लगेच द्या, बाकीच्या २० लाखांच्या एक ते पाच वर्षांच्या पाच ठेवी करा. त्यांवर सगळं मिळून जवळपास ४ लाख व्याज येईल. ते पगारवाढीला लावा.

८०जीचा, म्हणजे देणगीवर मिळणाऱ्या करसवलतीचा, विचार डोक्यातून काढून टाका. पेन्शन आणि सगळं व्याज धरून तुमचं उत्पन्न साडेदहा लाखांच्या आसपास जातं. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत अशा उत्पन्नावर कर शून्य आहे, मग वजावट कशातून घेणार? तरीही संस्थेची नोंदणी आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मात्र बघाच. प्रमुखांना भेटून विचारा, "तुमचं कुठलं काम फसलं, आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं?" जी संस्था याचं सरळ उत्तर देते, तिच्यावर माझा अधिक विश्वास बसतो.

पैसे देताना "फक्त पुस्तकांवर खर्च करा" अशी अट घालू नका. दुसऱ्या वर्षी कदाचित पुस्तकांपेक्षा मुलींच्या येण्याजाण्याची सोय जास्त निकडीची ठरेल. संस्थेला तेवढी मोकळीक हवी. तुम्ही वर्षातून एकदा जा, वर्गात बसा, शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांशी बोला. मुलं वाचायला लागली का, हे त्या अहवालापेक्षा नेमकं सांगतील. आणि चौथ्या वर्षीच विचारा, की आमचे पैसे थांबल्यावर हे काम कोण चालवणार: पंचायत, जिल्हा परिषद, की दुसरे देणगीदार?

स्वतःचा ट्रस्ट काढायच्या भानगडीत पडू नका. २४ लाखांसाठी दरवर्षीचं ऑडिट आणि विवरणपत्रं परवडत नाहीत.

एक गोष्ट मात्र या महिन्यातच करा. पाचही ठेवी दोघांच्या नावे, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती' या पद्धतीनं ठेवा आणि उरलेले हप्ते संस्थेला जावेत असं मृत्युपत्रात स्पष्ट लिहा. मृत्युपत्र मुलालाही वाचून दाखवा. तुमच्या भरवशावर दोन माणसं कामावर घेतली जाणार आहेत. त्यांचा पगार मध्येच थांबता कामा नये.