ऊसतोडीच्या गावात पहिली नेमणूक? आधी एवढंच सांभाळा

मॅडम, अभिनंदन! बीडकडच्या ऊसतोडीच्या गावात शिक्षिका म्हणून पहिलीच नेमणूक म्हणजे धाकधूक होणारच, पण जमेल. सुरुवातीला तीनच गोष्टी धरा.

१. दिवाळीआधी घरोघरी जा. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली जोडपी दिवाळीच्या आगेमागे कारखान्याला निघतात, ती थेट मार्च-एप्रिलला परततात. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी चढल्यावर जाऊन उपयोग नसतो. घरी आजी थांबणार असेल तर पोर मागे राहू शकतं. आईबाप तोडीला गेल्यावर गावातच मुलांची सोय करणाऱ्या हंगामी वसतिगृहासाठी त्याचं नाव तेव्हाच मुख्याध्यापकांना द्या. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसणं सोपं जातं. मोठ्या मुलींवर खास लक्ष ठेवा. धाकट्या भावाला सांभाळायला म्हणून त्यांनाच आधी नेतात.

२. परतलेल्या मुलाला "एवढे दिवस कुठे होतास?" असं वर्गासमोर विचारू नका. दुसऱ्या दिवशी ते येतच नाही. पुस्तकातला धडा बाजूला ठेवा, त्याला काय वाचता येतं ते बघा अन् तिथून सुरू करा.

३. तांड्यावरची, म्हणजे बंजारा वस्तीतली मुलं घरी गोरमाटी ही त्यांची बोली बोलतात. पहिलीत गप्प बसलेलं पोर 'ढ' नसतं. दोन-चार शब्द त्यांच्याकडूनच शिका.

नवे लोक हमखास चुकतात ते पालकांना भाषण देण्यात. आणि पालकसभा संध्याकाळी ठेवा. मजुरी बुडवून दुपारी कोण येणार? अध्ययन स्तराचे (कोणाला किती येतं याचे) तक्ते, ऑनलाइन माहिती भरणं वगैरे सध्या राहू द्या. ते सगळं केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) शिकवतीलच, नको म्हटलं तरी.