नंबर दिसला नाही तरी एफआयआर करायची का? करायचीच, आणि आजच

तुम्ही विचारलंय की भावाला परवा रात्री कारनं मागून उडवलं, कार थांबली नाही, नंबर कुणी बघितला नाही, पायात रॉड पडलाय आणि घरातले म्हणतायत की पोलिसात जाऊन काय उपयोग, आधी बिलाचं बघू. या बाबतीत घरातल्यांचं अजिबात ऐकू नका. बिलाचं बघायचंय म्हणूनच पोलिसात जायचं, कारण पुढे जो काही पैसा येईल तो कुठूनही येवो, पहिला कागद एफआयआरचाच मागतात.

आमच्या आण्णांना २०१९ च्या दिवाळीनंतर असंच उडवलं होतं. आण्णांचं टेलरिंगचं दुकान. सातारा जिल्ह्यात हायवेच्या सर्व्हिस रोडनं दुकान बंद करून स्कूटीवरून घरी येत होते, मागनं कार आली, ठोकलं आणि तशीच पुढं गेली. उजव्या पायाची दोन्ही हाडं मोडली. एका दुधाच्या टेम्पोवाल्यानं उचलून हॉस्पिटलात नेलं. मी पुण्याहून निघून पोचेपर्यंत दाजी तिथं आधी आले होते आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला त्यांनी सांगून टाकलं होतं की गाडी स्लिप झाली. का, तर पोलिसांचं लफडं मागं लागायला नको. आण्णा शुद्धीवर होते, त्यांना विचारलंसुद्धा नाही. मी केसपेपर हातात घेतला तर वरच ओळ, ‘स्लिप अँड फॉल फ्रॉम टू व्हीलर’. कारचा उल्लेखच नाही, म्हणजे कागदावर आण्णा आपले आपण पडलेले.

मी तिथंच अडून बसलो. डॉक्टर म्हणले लिहिलेलं खोडता येत नाही, म्हणलं खोडू नका, खाली पेशंटचं स्वतःचं म्हणणं लिहा आणि तारीख, वेळ टाकून सही करा. आण्णांनी स्वतः सांगितलं, मागून कारनं धडक दिली. तसं लिहून घेतलं, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची हॉस्पिटलातली नोंद, करायला लावली आणि पोलिसांना कळवायला लावलं. दाजी बाहेर येऊन मला म्हणले, तू आता कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार का? गाडी सापडली नाही तर सरकार साडेबारा हजार देतं, त्याच्यासाठी एवढं? तेव्हा रक्कम तेवढीच होती हे खरं, गंभीर जखमीला साडेबारा आणि मृत्यू झाला तर पंचवीस हजार. पण गाडी सापडणार नाही हे आधीच कुणी ठरवलं?

पोलिस स्टेशनला ठाणे अंमलदारांचं तेच, नंबर नाही तर गुन्हा कुणावर दाखल करू. अज्ञात वाहनचालकावर दाखल होतो हो, रोज होतात. हे वाक्य पाठ करून जा. हद्दीवरून टोलवाटोलवी केली तर आता १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावीच लागते, आणि नाहीच घेतली तर लेखी अर्ज एसपींना पाठवायचा.

तपासाला आलेले हवालदार मात्र कामाचे निघाले. सकाळी स्पॉट पंचनाम्याला मी बरोबर होतो. साइडपट्टीच्या गवतात डाव्या आरशाचं अख्खं कव्हर पडलेलं, ग्रे रंगाचं, आतनं दोन वायरी तुटून लोंबत होत्या आणि आतल्या काळ्या प्लास्टिकवर बारीक अक्षरात पार्ट नंबर. कडेला हेडलाइटच्या काचेचे तुकडे. त्यांनी सगळं पंचांसमोर पाकिटात घालून सील केलं. त्या पार्ट नंबरवरनं स्पेअर पार्टच्या दुकानदारानं मॉडेल सांगितलं, आणि पुढच्या पेट्रोल पंपाच्या फुटेजमध्ये त्याच वेळेला एकाच हेडलाइटवर जाणारी तसली कार दिसली. गाडी शेवटी शेजारच्या तालुक्यात एका गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली मिळाली. म्हणून सांगतो, तुमच्या भावाच्या जागेवर आजच्या आज माणूस पाठवा, आणि आसपासचे पंप, ढाबे, दुकानं, सोसायट्या, जिथं कॅमेरा असेल तिथं फुटेज जपून ठेवायला सांगा आणि पोलिसांनाही तसं लेखी द्या. बहुतेक ठिकाणी काही दिवसांनी जुन्या फुटेजवर नवीन चढतं, मग कुणी काही करू शकत नाही.

गाडी सापडल्यावर खरा तमाशा. गाडीवाला दाजींच्या ओळखीतून ओळख काढून आमच्या घरी आला, दाजीच घेऊन आले. पन्नास हजार घ्या आणि मिटवा, बिचाऱ्याची लहान पोरं आहेत, त्याच्या तोंडचा घास काढू नका. अरे पण थर्ड पार्टी इन्शुरन्स असतो कशाला? क्लेम लागला तर पैसे विमा कंपनी भरते, त्याची पॉलिसी चालू होती, लायसन होतं, त्याच्या घासाचा संबंधच नव्हता. आणि ज्या माणसानं पाय मोडलेल्या म्हाताऱ्याला अंधारात टाकून गाडी पळवली त्याची दया आमच्या घरातल्यांना आण्णांच्या आधी यावी, याचा राग मला आजही आहे.

आम्ही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात क्लेम टाकला. विमा कंपनीच्या वकिलानं उलटतपासणीत पहिलं काय काढलं असेल? तीच ओळ, स्लिप अँड फॉल. अपघात कारनं झालाच नाही असं त्यांचं म्हणणं. खाली डॉक्टरनं वेळ टाकून लिहिलेलं नसतं, आणि टेम्पोवाला स्वतःहून येऊन साक्ष देऊन गेला नसता, तर आम्ही तिथंच संपलो होतो. (मदत करणाऱ्याला पोलिस नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करू शकत नाहीत, सुप्रीम कोर्टानं २०१६ लाच सांगितलंय आणि आता मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आहे. तुमच्या भावाला ज्यानं उचललं त्याला हे सांगा, बिनधास्त बोलेल.) पुढं अपंगत्वाच्या टक्केवारीवर वाद झाला. टक्के कमी दिसत होते, पण शिलाई मशीनचं पायडल मारणाऱ्याचा पाय गेला म्हणजे धंदा गेला. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सुप्रीम कोर्टानं हेच म्हणलंय की त्या माणसाच्या कमाईवर किती परिणाम झाला ते बघायचं, नुसते डॉक्टरी टक्के नाही. ते आमच्या वकिलांनी बरोबर मांडलं. मिळालेली रक्कम त्या पन्नास हजाराच्या कितीतरी पट होती. दाजी अजून लग्नकार्यात म्हणतात, एवढी वर्षं घालवली. घालवली, पण आण्णांनी उरलेलं आयुष्य कुणापुढं हात पसरला नाही.

आता तुमच्या पैशाचं. गाडी नाहीच सापडली तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या हिट अँड रन योजनेत गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील ऑफिसला, मंजुरी कलेक्टरची, पैसे थेट खात्यात. जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की महिन्याभरात गाडी कळली नाही तर पोलिसांनीच जखमीला या योजनेबद्दल लेखी कळवायचं. ते कळवतील म्हणून बसून राहू नका, तुम्हीच विचारा. नंतर गाडी सापडून क्लेम मिळाला तर हे पैसे त्यातून परत करावे लागतात, पण म्हणून अर्ज थांबवू नका. हॉस्पिटलच्या बिलासाठी मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत, ठरलेल्या हॉस्पिटलांमध्ये. बिलिंग काउंटरला आजच विचारा, दिवस मोजलेले आहेत.

आणि हो, मी वकील नाही, आमची केस जुन्या कायद्यातली. तेव्हा क्लेमला मुदत नव्हती, आता कायद्यात अपघातापासून सहा महिने लिहिलेत, त्या मुदतीला आव्हानही दिलेलं आहे पण त्या भरवशावर राहू नका. गाडीवाल्याकडं पॉलिसी नसेल तर वसुलीचं काम फार अवघड होतं, तेव्हा तुमचा निर्णय वेगळा असू शकतो. पण वकिलाला दाखवल्याशिवाय समझोत्याच्या कुठल्याही कागदावर भावाची सही होऊ देऊ नका, कागद घेऊन येणारा घरचा जावई असला तरी.