खिडकीमागे धुराडं

प्रश्न : लेकीकडे इंग्लंडात डर्बीला गेले होते तेव्हा आम्ही हार्डविक हॉल हा जुना वाडा पाहिला. बाहेरून सगळी काचच काच. पण निरखून पाहिलं तर काही खिडक्यांमागे खोलीच नाही, भिंत आहे. जावई म्हणाले, पूर्वी खिडक्यांवर कर होता, म्हणून लोकांनी बुजवल्या. खरं का? आणि एवढ्या थंड मुलखात इतकी काच लावायचीच कशाला?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, जावयांचं अर्धं बरोबर आहे. असा कर होता. १६९६ साली आला आणि १८५१ पर्यंत टिकला. त्यापायी बुजवलेल्या खिडक्या इंग्लंडात अजून ठिकठिकाणी दिसतात. पण हार्डविकचं काम १५९० मध्ये सुरू झालं आणि १५९७ मध्ये मालकीण राहायलाही आली. कर यायला अजून शंभर वर्षं होती! तुम्ही पाहिलेल्या खिडक्या कोणी बुजवल्या नाहीत, त्या जन्मतःच खोट्या. काच खरी, दगडी चौकट खरी, मागे मात्र धुराडं. घराची डावी-उजवी बाजू आरशात पाहिल्यासारखी जुळली पाहिजे, हा सगळा हट्ट. आराखडा रॉबर्ट स्मिथसन या वास्तुकाराचा मानतात. बाकीची धुराडी त्यानं आतल्या भिंतींत नेली, म्हणून तर बाहेरच्या भिंतीत एवढाल्या खिडक्या काढता आल्या. लोक काचेकडे पाहतात. मला विचाराल तर खरी करामत त्या आतल्या भिंतींची.

आता काच का? मिरवायला, दुसरं काय! त्या काळी काच महाग, आणि मालकीण बेस ऑफ हार्डविक चार नवऱ्यांच्या मागे उरलेली, गडगंज बाई. तिच्या स्वतःच्या काचेच्या भट्ट्या होत्या. घर बांधलं तेव्हा ती सत्तरीच्या आसपास. सहाही बुरुजांच्या माथ्यावर तिनं ई आणि एस ही अक्षरं दगडात कोरून घेतली : एलिझाबेथ श्रूजबरी, म्हणजे तीच. (बेस हे एलिझाबेथचंच छोटं रूप, आणि श्रूजबरी हे नाव चौथ्या नवऱ्याकडून आलेलं.) आणखी एक तुमच्या लक्षात आलं असेल. एरवी वरचे मजले ठेंगणे होत जातात, इथे उलट. तळाशी नोकरचाकर, मधे घरची माणसं, आणि मानाचे दिवाणखाने सगळ्यात वर. म्हणून तिथल्या खिडक्या सर्वांत उंच. पाहुण्यानं दगडी जिना चढत, धापा टाकत वर यायचं आणि मग त्या उजेडात उभं राहायचं!

थंडीचं म्हणाल, तर ती वाजायचीच. मी मार्चमध्ये गेलो होतो. वरच्या लांब गॅलरीत मफलर सोडवला नाही. सुमारे ५० मीटर लांब दालन, आणि शेकोट्या दोन. त्यावर उपाय म्हणजे भिंती झाकणारे विणलेले जाड पडदे. (ते विटू नयेत म्हणून आता खिडक्याच झाकून ठेवतात. ज्या उजेडासाठी एवढा खटाटोप, तोच आता नकोसा!)

हे पडदे बेसनं १५९२ मध्ये चक्क जुने विकत घेतले. राणीच्या दरबारातले बडे सरदार सर ख्रिस्तोफर हॅटन वारल्यावर त्यांच्या वारसाकडून. पडद्यांवर हॅटन घराण्याची चिन्हं होती. ती झाकून आपली रंगवून घ्यावी लागतील, म्हणून बाईंनी किमतीत पाच पौंड कमी करून घेतले.