सीटवर बसायच्या आधी कंबर मोजून ठेव

बाबू, गाडी शिकलास, आता पोटाचं ऐक. मी टॅक्सीवर आलो तेव्हा पॅन्ट 30 ची होती. पुढं 34 वर अडकली, तर मी खूश! खरं म्हणजे पट्टा पोटाखाली सरकत होता. बेंबीच्या रेषेत टेप लावून मोज. पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या वर गेली की साखर आणि बीपीचा धोका वाढतो. वजनकाटा बरेचदा उशिरा सांगतो.

आपल्या धंद्यात पोट सुटतं ते चहानं. स्टेशनवर नंबर लागेस्तोवर दर तासाला कटिंग. आठ चहा, प्रत्येकात दोन चमचे, झाली साठ-सत्तर ग्रॅम साखर! चहा पी जी, साखर अर्धी सांग. तर्री पोहे मीही सोडले नाहीत (नागपुरात राहून सोडायचे कसे?), पण वरचा समोसा सोडला. डबा घरून ने. भाकरी असली की दुपारी सावजीकडे पाय वळत नाही.

गिऱ्हाईक नसलं की सीट मागं टाकून झोपू नको, गाडीभोवती फिर. मे महिन्यात पाऱ्यानं 45 गाठलं तर पहाटे फिर. लघवीला थांबावं लागतं म्हणून पाणी तोडणारे खूप आहेत, तू तोडू नको.

घरचे म्हणाले की फार घोरतोस, तर हसण्यावारी नेऊ नको. मानेवर चरबी चढली की झोपेत श्वास अडकतो, मग दिवसा स्टिअरिंगवर डोळा लागतो. माझा वर्धा रोडवर लागला होता. डिव्हायडर वीतभर राहिला. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेलो.