‘बोल्ड डेकोरेटिव्ह सेरिफ’ला मराठीत काय म्हणावं?

अमळनेरच्या एका छापखानेवाल्यांचा प्रश्न आहे. गिऱ्हाइकाला कुस्त्यांच्या दंगलीचं पोस्टर हवंय. त्याने मोबाइलवर इंग्रजी नमुना दाखवला, त्याखाली ‘बोल्ड डेकोरेटिव्ह सेरिफ, विंटेज पोस्टर’ असं लिहिलेलं. याला मराठीत काय म्हणायचं, आणि सेरिफ म्हणजे आपली शिरोरेषाच का?

शिरोरेषा नव्हे. सेरिफ हा शब्द डच भाषेतल्या ‘रेघ’ अर्थाच्या शब्दावरून आला असावा असं मानतात, म्हणून हा घोटाळा होत असेल. पण सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या दांड्याच्या टोकाला जोडलेली छोटी रेघ. ती काढली तर चेहरा बदलतो, अक्षर तेच राहतं. शिरोरेषा मात्र अख्खा शब्द बांधते. ती गेली की घ-ध आणि म-भ वाचताना डोळे ताणावे लागतात. तेव्हा सेरिफला सेरिफच म्हणा. ‘टोकरेषा’ वगैरे घडवता येईल, पण गिऱ्हाइकाला तीही समजावून सांगावी लागेल!

‘बोल्ड’साठी ठळक आणि जाड दोन्ही चालतात, पण एकाच अर्थाने नव्हे. जाड म्हणजे नुसती रेघेची रुंदी. ठळक म्हणजे नजरेत भरणारं, मग ते रंगानेही असेल. ‘माले जाड अक्षर जोयजे’ म्हणणाऱ्याला बहुधा दोन्ही हवं असतं. त्यासाठी आपल्याकडे सुरेख शब्द आहे: ठसठशीत. डेकोरेटिव्हला नक्षीदार पुरे. विंटेजला ‘प्राचीन’ नको, त्याने ताम्रपट आठवतो. जुन्या वळणाचं म्हणा. वळण हा आपला अक्षराचाच शब्द आहे.

हे जुनं वळण कुठलं? एकोणिसाव्या शतकातल्या जाहिरातींचं. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स या टाइप ओतणाऱ्याने 1815च्या सुमारास चौकोनी, जाडजूड सेरिफांचे खिळे, म्हणजे छपाईचे सुटे अक्षरठसे, आणले. पुढे पोस्टरला हातभर अक्षरं लागू लागली. एवढे मोठे शिशाचे खिळे वजनदार, महाग आणि ओतायलाही अवघड. म्हणून न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने 1827मध्ये लाकडी टाइप यंत्राने कोरायला सुरुवात केली. लाकडात हवी तेवढी जाडी, हवी तेवढी नक्षी!

देवनागरीत तो भपका सेरिफने येत नाही, बोरूने येतो. बोरूच्या तिरक्या कापामुळे एकाच अक्षरात जाड-बारीक रेघा उमटतात, आणि हा तिरकेपणा रोमन लेखणीच्या उलट असतो. म्हणून इंग्रजी नमुन्याची सेरिफं मराठी अक्षरांना चिकटवू नका. ‘दंगल’ला उगाच बूट घातल्यासारखे दिसतात. इंडियन टाइप फाउंड्री या कंपनीचा ‘रोझा वन’ हा फॉन्ट लावून पाहा. त्यात रोमन आणि देवनागरी दोन्ही आहेत, जाड-बारीकचा फरक भरपूर आहे आणि तो मोठ्या मथळ्यांसाठीच केलेला आहे. बारीक मजकुराला लावू नका, पहिलवानांची नावं वाचता येणार नाहीत.

लिहिताना सेरिफ की सेरीफ, असंही त्यांनी विचारलंय. इंग्रजी उच्चारात इकार ऱ्हस्व आहे, म्हणून मी सेरिफ लिहितो.